पुतळाबाईंचे हात

टेमघर, भिवंडी
१४ जुलै १९८६

ती. विदुताई,

नमस्कार मागच्याच पत्रातला चालवून घे. या वेळी भांडायला बसलोय.

तू माझ्या मेरीमातेला गलगंड ठरवलास. चारशे-पाचशे वर्षं लोक त्या भरल्या मानेपुढे हात जोडतात आणि तू सोलापुरात बसून तिला आयोडीनचं मीठ लिहून देतेस. चित्र मी वाढदिवसाला म्हणून धाडलं होतं, तपासायला नव्हे. त्याआधी पॅरिसच्या त्या जगप्रसिद्ध हसऱ्या बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तुला चरबीचा ठिपका दिसला होता. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या मावसबहिणीला चित्रं पाठवू नयेत, एवढा धडा मी घेतलाय. तरी सोबत आणखी एक पाठवतोय, कारण या गावात चित्रावर बोलायला मला दुसरं कुणी नाही. चित्र तुलाही समजत नाही, पण तू निदान बघतेस.

ही पानं येतात कुठून, असं विचारलं होतंस. कशेळीच्या गोदामांत कागदगिरण्यांसाठी परदेशी रद्दीचे गठ्ठे उतरतात. तिथल्या केसरीनाथला एका गठ्ठ्यात हे जाडजूड पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. ‘मास्तर, यात नागव्या बायका हायेत, पोरांच्या हाती नको’ म्हणत त्याने ते शाळेत माझ्याच टेबलावर आणून ठेवलं.

त्याच केसरीनाथने आता मला काम दिलंय. खाडीकाठची भातशेती गोदामांखाली गेली आणि घर तीन मजली झालं, तेव्हा दिवाणखान्यात आईचं मोठं तैलचित्र हवं. आई, म्हणजे पुतळाबाई, हयात आहेत आणि खणखणीत आहेत. मी मेलेल्या माणसांचे फोटो चौकोन आखून मोठे करतो, असा टोमणा तू दर दिवाळीला मारतेस. तर ऐक, या वेळी फोटो नाही. बाईंना समोर बसवून, कपाळापासून बोटांपर्यंत, जिवंत माणसावरून काम करणार आहे.

सुमतीचा शिवणाचा क्लास जोरात आहे. परवा ब्लाउजला इस्त्री करताना उजव्या हाताची कड इस्त्रीला लागून राहिली. करपल्याचा वास मला बाहेरच्या खोलीत आला आणि हिला पत्ता नाही. कामात इतकी रमते. मी चित्र काढताना असा रमलो असतो तर आज ड्रॉइंग मास्तर राहिलो नसतो.

तुझा
अवधूत


सोलापूर
२ ऑगस्ट १९८६

चि. अवधूत,

मेरीमातेबद्दल मी माघार घेत नाही. त्या डोंगराळ मुलखात गलगंड घरोघरी असे. चित्रकाराने लहानपणापासून तशाच माना पाहिल्या, म्हणून त्याला ती सुंदर वाटली. त्याचा दोष नाही. आपल्याला सवयीचं असतं ते आपण सुंदर म्हणतो.

नवी बाई मात्र मला आवडली. चित्रकार अज्ञात, इटलीतला, एवढंच खाली छापलंय. हिरवा झगा, बंद पुस्तकावर ठेवलेला हात, आणि त्या हाताची करंगळी व अनामिका तळव्याकडे वळलेली. मी चित्रात चेहरा शेवटी बघते. चेहरा काढताना चित्रकाराला गिऱ्हाइकाची भीती असते. मस काढून टाक, रंग उजळ कर, दात झाक. हातांच्या बाबतीत तो बेसावध असतो. म्हणून माझा हातांवर जास्त विश्वास.

कोपराच्या आतल्या बाजूने एक नस जाते. कोपर आपटला की झिणझिण्या येतात ती. ती नस अधू झाली की नेमकी हीच दोन बोटं आत वळतात. या बाईला ते होतं का, ते मी सांगू शकत नाही. ती समोर असती तर मी तिला ‘बोटं सरळ कर’ म्हटलं असतं, इतकंच. मग जे काय ते कळलं असतं.

पुतळाबाईंना खरोखर समोर बसवलंस तर मी माझा टोमणा मागे घेईन. चित्राचा फोटो पाठव.

सुमतीला म्हणावं, इस्त्री जपून कर.

विदुताई


टेमघर, भिवंडी
२८ सप्टेंबर १९८६

ती. विदुताई,

टोमणा मागे घे. सोबत रंगीत फोटो आहे.

आधी तुझ्या इटालियन बाईबद्दल. ताई, त्याला नजाकत म्हणतात. कपाची दांडी धरताना, पदर सावरताना बायका करंगळी अशी ठेवतात आणि चित्रकार त्यावर जीव टाकतो. तुझ्या त्या नसेचा यात काही संबंध नाही. मी ते पान चौकटीत घालून मशीनच्या वरच्या भिंतीवर लावलंय. सुमतीला रोज समोर दिसतं.

पुतळाबाईंना बसवणं म्हणजे दिव्य होतं. पहिल्या दिवशी मी कशेळीला स्टँड उभा केला तर म्हणाल्या, ‘भिंतीवर फोटू लागला म्हंजी मानूस गेला. मी गेले का?’ केसरीनाथ म्हणाला, ‘आये, आता नुसता काढून ठेवू, टांगू मागून.’ ‘मागून म्हंजी कवा?’ असं त्यांनी विचारल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. शेवटी ठरलं की चित्र काढायचं, पण त्या आहेत तोवर गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. त्यावर त्या बसल्या. नजर अशी की ब्रश धरलेला माझा हात दोनदा चुकला.

चेहरा बघ आणि मग हात बघ. हातांना मी चेहऱ्याहून जास्त वेळ दिला. तू सांगितलंस म्हणून दिला. त्यात तुला काही ओळखीचं वाटलं तर लिही.

तुझा
अवधूत


सोलापूर
९ ऑक्टोबर १९८६

चि. अवधूत,

चित्र चांगलं आहे. हे मी नातं बाजूला ठेवून लिहितेय. तुझ्या हातून असं काम आजवर झालं नव्हतं.

आता हातांबद्दल, आणि हे चेष्टेने घेऊ नकोस. उजवा हात डाव्यावर ठेवलाय. करंगळी आणि अनामिका वळलेली आहेत, हे तू मला चिडवायला केलं असशील. ते सोडून दे. पण अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे, हाताच्या पाठीवर, एक मांसल उंचवटा असतो. तू स्वतःचा हात बघ, तुलाही आहे. पुतळाबाईंच्या उजव्या हाताला तिथे खड्डा आहे. तू त्याची सावली फार प्रामाणिकपणे टाकली आहेस. मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिलं. तो स्नायू वाळलाय.

बोटं आणि खड्डा एकत्र असले तर कोपराजवळची ती नस अधू झालेली असते. आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण कुष्ठरोग. गावात त्याला जो शब्द आहे तो मी लिहीत नाही आणि तूही उच्चारू नकोस. घाबरण्यासारखं नाही. आता सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. घाई रोगाची नाही, हाताची आहे. नस दुखावून थोडे महिने झाले असतील तर बोटं परत येतात. उशीर झाला तर रोग बरा होतो आणि हात तसाच राहतो.

तू इतकंच कर. एकांतात त्यांना डोळे मिटायला सांग आणि करंगळीला कापूस लाव. कळतं का ते विचार. मला लगेच कळव.

विदुताई


टेमघर, भिवंडी
२५ ऑक्टोबर १९८६

ती. विदुताई,

दिवाळी तोंडावर आली आणि तू मला कापूस घेऊन कशेळीला धाडतेस. कुठल्या तोंडाने सांगू? ते घर नावारूपाला आलंय, दोन नाती लग्नाच्या आहेत. डोळे मिटा, बोट पुढे करा, असं ड्रॉइंग मास्तर म्हणाला की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर गेलेली असेल.

पण तुझ्या समाधानासाठी मी गेलो होतो. म्हातारी ओटीवर बसून नारळ सोलत होती. कोयता नाही, नुसती पहार आणि दोन हात. मला चहा दिला तो कप इतका तापलेला होता की मी बशीत ओतून प्यालो आणि त्यांनी तसाच दुसरा कप धरला होता तो चटका बसला म्हणून खाली ठेवला. झाली तपासणी. बाई ठणठणीत आहेत.

खरं सांगू? ती बोटं मी तुझ्या इटालियन बाईची उचललीत. तुला फसवायचं होतं आणि तू फसलीस. खड्डा म्हणतेस तो दुपारच्या उन्हाचा खेळ असेल. तेव्हा आता हा विषय पुरे.

सुमतीकडे दिवाळीची कामं ढिगाने आहेत. हल्ली तिची टीप वाकडी जाते, सुई हातातून निसटते. चष्मा लागला असावा. भाऊबीजेनंतर डोळे तपासून घेऊ.

फराळाचा डबा पार्सलने पाठवलाय. चकली मोडली तर पोस्टाला बोल लाव.

तुझा
अवधूत


सोलापूर
२० नोव्हेंबर १९८६

अवधूत,

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय उठू नकोस.

तुझ्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. बोटं हवी तशी वाकवता येतात. स्नायू हवा तसा वाळवता येत नाही. आणि तू ऊन चुकीचं काढणारा चित्रकार नाहीस. तू कल्पनेने काही घालत नाहीस, ही तर तुझी मर्यादा आहे. म्हणून मी तुला न विचारता एक गोष्ट केली. कमळ नावाची माझी जुनी विद्यार्थिनी ठाण्यात प्रॅक्टिस करते. तिला मी कशेळीला पाठवलं. रक्तदाब तपासायला आले असं तिने सांगितलं आणि नाडी बघायच्या निमित्ताने हात हातात घेतला.

पुतळाबाईंचे हात उत्तम आहेत. कमळने तिथे असलेलं चित्र बघायला मागितलं, माळ्यावरून काढून घेतलं, आणि हात असे का दिसतात ते विचारलं. पुतळाबाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘ते माजे हात न्हाईच. माना येल कुठं हाय बसाला. मास्तरने आपले बायकोला बसवली. सोना तेवरा माजा.’ म्हणजे त्यांना बसायला वेळ नव्हता, हातातलं सोनं तेवढं त्यांचं.

जिवंत माणसावरून, कपाळापासून बोटांपर्यंत, असं तू लिहिलं होतंस. मला टोमणा परत घ्यायला लावायचा म्हणून तू हे लपवलंस. ठीक आहे, मी त्यावर रागवत नाही, कारण मीही काही कमी केलेलं नाही. साठीच्या बाईला चाळिशीच्या आतली नखं आणि सांधे आहेत, हे मला भिंगातून दिसायला हवं होतं. तू कातडीवर सुरकुत्या घातल्यास आणि मी मानल्या. त्याहून वाईट म्हणजे तू जुलैतच इस्त्रीचं लिहिलं होतंस. हात भाजतो आणि बाईला कळत नाही, हे मी वाचलं आणि ‘जपून कर’ असं उत्तर दिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या बाईची बोटं मी मोजत बसले होते. सुईसुद्धा डोळ्यांमुळे निसटत नाही.

भाजल्याचा डाग तू चित्रात घेतला नाहीस. तो सुंदर नव्हता म्हणून असेल.

आता आत जा आणि सुमतीला बोटं सरळ करायला सांग. झाली तर मला शिव्या देणारं पत्र लिही, मी ते आनंदाने वाचीन. कमळला टेमघरचा पत्ता दिलाय. ती पुढच्या आठवड्यात येईल. मी सोलापूरहून लगेच निघू शकत नाही, परीक्षा आहेत. पण तुला हवं असेल तर तसं लिही, मी येईन.

विदुताई


टेमघर
३ डिसेंबर १९८६

विदुवन्सं,

सुमतीचा नमस्कार. या वेळी मीच लिहायला बसले. ह्यांना लिहवत नाही, आणि ह्यांनी लिहिलेलं मलाही नकोय. ते सगळं चित्रासारखं गोड करून पाठवतील.

तुमचं पत्र वाचून हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, ‘बोटं सरळ कर.’ मी म्हटलं, ‘कणीक मळतेय.’ म्हणाले, ‘राहू दे कणीक.’ मी हात धुतला आणि पुढे केला. दोन बोटं आणि अंगठा झाला. उरलेली दोन होईनात. हे माझा हात धरून तिथेच फरशीवर बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅसही मीच उठून बंद केला.

मला माहीत होतं का, असं कमळ डॉक्टरांनी विचारलं. होतं. होळीच्या सुमाराला करंगळी बधिर झाली. शिवताना सुई टोचून बघायची. रक्त यायचं, दुखायचं नाही. दंडावर आतल्या बाजूला फिकट डाग आहे, तो ब्लाउजच्या बाहीत जातो. रोगाचं नाव मला कुणी सांगायला नको होतं. माझं माहेर गणेशपुरीजवळ. तिथे माझ्या एका काकूला गोठ्याच्या कडेला खोली बांधून वेगळं ठेवलं होतं. तिचं ताट लांबून सरकवायचे. मी लहान होते, मीही सरकवलंय. ती मला नावाने हाक मारायची आणि मी पळायची. म्हणून मी गप्प राहिले. कळलं की क्लास जाणार. ज्या आया आज मुलींना माझ्याकडे पाठवतात, त्या माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. नाव घेत नाही तोवर क्लास चालेल, असा हिशोब केला होता.

हातांसाठी मला बसवायचं हे ह्यांच्या धंद्यात नेहमीचंच आहे. लोक चेहऱ्यापुरते बसतात. हात, मांडी, निऱ्या घरच्या माणसावरून काढतात. आजवर कितीतरी थोर लोकांचे हात माझेच आहेत. या वेळी पुतळाबाई स्वतः पाटल्या-तोडे घेऊन टेमघरला आल्या. चित्राला बसायला त्यांना वेळ नव्हता, पण सोन्याजवळ दुपारभर बसल्या. पाटली चढवायची तर हात आवळावा लागतो. माझी करंगळी आवळली जाईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तेल मागितलं, दोन थेंब लावले आणि पाटली चढवली.

मी बोटं सरळ ठेवायला बघत होते. दुसऱ्या हाताने खालून दाबून धरायची. तर हे म्हणायचे, ‘ताठ नको, मघाशी होती तशी राहू दे. फार छान दिसतायत.’ भिंतीवरची ती हिरव्या झग्याची बाई दाखवायचे आणि म्हणायचे, बघ, हुबेहूब. वन्सं, लग्नाला सतरा वर्षं झाली. माझ्या हाताकडे ह्यांनी इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि आवडतही होतं. हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही.

कमळ डॉक्टरांनी मला ठाण्याला नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. हातासाठी वेगळ्या गोळ्या आहेत, झोपताना फळीला बोटं बांधून ठेवायची. इकडे कुणाला माहीत नाही. उजवा हात मुरगळला आहे असं मुलींना सांगितलंय.

मला एकच विचारायचं आहे. मला शिवता येईल का? खरं लिहा. ह्यांना विचारलं तर हे ‘येईल, येईल’ म्हणतात आणि दुसरीकडे बघतात.

तुमची
सुमती


सोलापूर
९ डिसेंबर १९८६

सुमती,

खरं लिहिते. मला माहीत नाही.

बधिरपणा होळीपासूनचा आहे, पण बोटं वळायला लागली ती पावसाळ्यात असावीत. तसं असेल तर आशा धरायला जागा आहे. अनामिका आधी परत येईल. करंगळीचा भरवसा देत नाही. शिवण करंगळीने होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. व्यायाम कंटाळा न करता कर. इस्त्रीला, तव्याला उजवा हात लावण्याआधी डोळ्यांनी बघ. आता हाताचं काम डोळ्यांना करायचं आहे.

क्लास बंद करू नकोस. तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं लिहायची मला सवय नाही.

काकूबद्दल लिहिलंस. तेव्हा गोळी नव्हती आणि तू लहान होतीस. यापुढे मला त्यावर काही लिहिता येत नाही.

अवधूत दुसरीकडे बघत असेल तर त्याला माझं नाव सांगून इकडे बघायला लाव. बघणं त्याला जमतं. ते त्याने चित्रात सिद्ध केलंय.

विदुवन्सं


टेमघर, भिवंडी
१६ ऑगस्ट १९८७

ती. विदुताई,

सुमतीने तुला वेळोवेळी कळवलंय, मी मात्र लिहिलं नाही. लिहायला बसलो की तुझं नोव्हेंबरचं पत्र आठवायचं आणि पेन खाली ठेवायचो. मी नजाकत म्हणालो होतो, ताई. हिची बोटं वळत होती आणि मी तिला म्हणत होतो, अशीच राहू दे.

गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणतात रोग गेला. अनामिका सरळ झाली. अंगठ्याजवळचा खड्डा भरत आलाय, रोज सकाळी मी तो माझ्या हाताशी ताडून बघतो, आणि सुमती म्हणते, पुरे आता, चहा गार होतो. करंगळी मात्र थोडी वाकडी राहिली. मशीन चालतं. काजं करायला त्रास होतो, ती तिने एका मुलीला शिकवून टाकली.

मागच्या रविवारी मी रंगांचा डबा घेऊन कशेळीला गेलो. चित्रातले हात दुरुस्त करायचे होते. रात्रंदिवस डोक्यात तेच होतं. केसरीनाथने चित्र माळ्यावरून उतरवलं, मी पॅलेट काढली. पुतळाबाई आतून आल्या आणि विचारलं, ‘काय करतंस?’ मी म्हटलं, ‘बोटं सरळ करतोय.’ त्यांनी मुलाला पाणी आणायला आत पाठवलं आणि मला हळूच म्हणाल्या, ‘डबा मिट. कोनाचे हात ते माना म्हायीत हाय. तिचा रोग गेला नं? मंग फोटूचे हातान् काय व्हतंय? ऱ्हाऊं दे. चांगले हायेत.’

त्यांना सगळं कळलं होतं आणि कशेळीत त्यांनी कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. निघताना म्हणाल्या, ‘कालूरामची पोरगी धाडतंय सोमवारपासून. तिला मशीन शिकवाला सांग.’ काळूराम हा केसरीनाथचा धाकटा भाऊ. त्याची मुलगी आता रोज येते, आणि सुमतीच्या शेजारी बसून सुमतीच्या डब्यातलं खाते. पहिल्या दिवशी सुमतीने मला स्वयंपाकघरात बोलावून ते सांगितलं आणि पदराने डोळे पुसले.

चित्र तसंच गुंडाळून पुन्हा माळ्यावर गेलंय.

तुझा
अवधूत


टेमघर, भिवंडी
६ फेब्रुवारी १९९४

ती. विदुताई,

पुतळाबाई गेल्या. शेवटपर्यंत हिंडत्याफिरत्या होत्या. तेराव्याला चित्र टांगायचं म्हणून केसरीनाथने मला बोलावलं होतं. सुमतीही आली होती.

चित्र माळ्यावरून उतरलं. मी धूळ पुसली. रंग चांगले टिकलेत. हात बघितले. चांगले काढलेत, ताई, हे माझ्या तोंडून जातंच, काय करू? केसरीनाथची सून म्हणाली, ‘आजीचे हात कसे नाजूक दिसतात.’

मला तुझी ती इटालियन बाई आठवली. ती अजून मशीनच्या वर आहे. तिला काय झालं असेल यावर आपण दोघांनी इतकी पत्रं लिहिली, पण ते हात तिचे आहेत का, हे तूही विचारलं नाहीस आणि मीही नाही. झगा आणि चेहरा कुणा शेठाणीचा असेल. हात चित्रकाराच्या घरातले असतील. तिला कुणी बोटं सरळ करायला सांगितलं की नाही, ते आता कळायचा मार्ग नाही.

उद्या तुझ्यासारखं कुणी भिंग घेऊन पुतळाबाईंसमोर उभं राहिलं तर फसू नये, असं वाटलं. टांगण्याआधी मी चित्र पालथं केलं, बारीक ब्रश घेतला आणि कॅनव्हासच्या मागे लिहिलं: ‘चेहरा पुतळाबाई, कशेळी. हात सुमती, टेमघर. १९८६.’

सुमतीने खांद्यावरून वाचलं. मला वाटलं पुसायला सांगेल. म्हणाली, ‘अजून जागा आहे. पुढे लिहा, बरे झाले.’

मी लिहिलं. रंग वाळू दिला आणि चित्र भिंतीवर चढवलं. केसरीनाथने हार घातला. एकेकजण पुढे येऊन पाया पडत होता. सुमतीची पाळी आली तेव्हा तिने पुतळाबाईंकडे बघत हात जोडले. मी बाजूलाच होतो, म्हणून मला दिसलं. करंगळ्या तेवढ्या एकमेकींना टेकल्या नाहीत.

तुझा
अवधूत